कानाच्या वर

ही गोष्ट १९७८ सालची. त्या वर्षी जुलैच्या तीस तारखेला आमच्या ओकिनावात रस्त्याची बाजू बदलली. लढाई संपल्यापासून तेहतीस वर्षं गाड्या अमेरिकनांच्या रीतीने उजव्या हाताने जात होत्या. त्या एका सकाळपासून त्या उरलेल्या जपानसारख्या डाव्या हाताने जाणार होत्या. नाहा शहरात भिंतींवर, बसवर, दुकानांच्या काचांवर ती तारीख चिकटवलेली होती. मी तेव्हा चाळिशीला आले होते. बंदराजवळच्या एका प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवत होते आणि टोफूच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत एकटी राहत होते. मुलांना नवा रस्ता ओलांडायला शिकवायचं काम आम्हा शिक्षकांकडे आलं. मैदानावर चुन्याने पट्टे ओढले. आधी उजवीकडे बघायचं, मग डावीकडे, मग एक हात सरळ आभाळात उंच करून चालू लागायचं, म्हणजे गाडीवाल्याला लहानसं मूलही दिसतं. हात उंच करायची ही पद्धत आमच्या शाळेत त्या उन्हाळ्यात पोस्टरांबरोबरच आली. मी पट्ट्यांच्या टोकाशी उभी राहिले, "माझ्याकडे बघा" म्हणाले, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि हात उचलला. तो कानापर्यंत आला आणि थांबला. दुखला नाही, थरथरला नाही. आतून कडी घातलेलं दार ढकलावं तसं वाटलं. मागून मायुमी नावाची, पुढचे दोन दात पडलेली मुलगी ओरडली, "बाई, तुमचा हात कानापाशीच अडकला!" सगळा वर्ग हसला. मीही हसले आणि शेजारच्या वर्गाच्या बाईंना म्हटलं, खांदा धरलाय, तुम्हीच दाखवा जरा.

खांदा धरला नव्हता. मैदानाच्या कडेला सावलीत उभी राहून मी हिशेब केला, तेवीस वर्षं झाली होती. तेवीस वर्षं मी फळ्याच्या खालच्या अर्ध्यातच लिहीत होते. मुलांना वाटायचं, बाई बुटक्या आहेत. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर स्टुलावर चढत होते. लग्नाकार्यात सगळे हात उंचावून नाचायला उठत तेव्हा मी वाजवणाऱ्यांच्या मागे जाऊन बसत होते. आणि हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं. माणूस आपल्याच अंगात एखादी खोली बंद करून ठेवतो आणि पुढे त्या भिंतीला भिंतच समजून चालतो.

आमचं बेट नाहाहून बोटीने दोन तासांवर. सपाट, लाल मातीचं, रताळी, भुईमूग आणि ऊस. १९५५ साली अमेरिकन लष्कराला तिथे विमानांच्या सरावासाठी जमीन हवी होती, आणि आम्हाला ती द्यायची नव्हती. पण नाही म्हणायला आमच्या हाताशी काहीच नव्हतं. बंदुका नव्हत्या, वकील नव्हते, इंग्रजी नव्हतं. मग तामायोसे तानमेंनी नियम केले. तानमे म्हणजे आमच्याकडे आजोबा. गावातल्या कुठल्याही वडीलधाऱ्या माणसाला म्हणतात. तामायोसे तानमे तेव्हा छपन्नचे होते, लढाईत त्यांचा एकुलता मुलगा गेला होता, आणि ते इतके हळू बोलत की ऐकणाऱ्याला आपोआप गप्प व्हावं लागे. त्यांचे नियम असे: सैनिकांशी बोलताना जमिनीवर बसायचं. हातात काही धरायचं नाही, विळा नाही, काठी नाही, दोरीसुद्धा नाही. हात कानाच्या वर न्यायचा नाही. आणि खोटं बोलायचं नाही. कानाच्या वर का नाही, असं कुणीतरी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मारणारा हात आधी कानाच्या वर जातो. खालून कुणाला जोरात मारता येत नाही, करून बघा." आम्ही पोरांनी करून पाहिलं होतं. खरंच येत नाही.

आम्ही याला अहिंसा वगैरे म्हणत नव्हतो. आम्ही म्हणायचो, बसणं. "आज बसायचंय का?" "भुईमूग काढून झाला की बसायला येते." बायका बसण्याचीही थट्टा करायच्या. "माझा नवरा जन्मभर बसूनच आहे, त्याला पुढारी करा." पण तानमेंसमोर सगळे ताठ बसत. बोलताना हातवारे करायची आमची सवय, रागात हात आपोआप वर जातो. म्हणून त्यांनी एक माणूस मागे बसवायचं ठरवलं, सगळ्यांच्या हातांवर नजर ठेवायला. हात कानाच्या वर गेला की त्याने मोठ्याने म्हणायचं, "कान!" आणि ज्याचा हात असेल त्याने तो तत्क्षणी खाली घ्यायचा, कारण विचारायचं नाही. त्या कामाला त्यांनी मला निवडलं. मी सोळा वर्षांची होते, शाळेत पहिली यायची. ते म्हणाले होते, "हिची नजर स्वच्छ आहे." ते शब्द मी किती दिवस उशाशी घेऊन झोपले, सांगता येत नाही.

मैदानावरून आत आले तर मुख्याध्यापक मियाहिरा माझी वाट बघत होते. गोल चेहऱ्याचे, सतत मान पुसणारे, स्वभावाने चांगले. त्यांच्या हातात छापखान्याची कच्ची पानं होती. सगळ्या शाळांसाठी नीतीच्या तासाचं एक पुस्तक निघत होतं, त्यात आमच्या बेटाचं एक प्रकरण होतं. "उरासाकी बाई, तुम्ही कधी सांगितलं नाहीत! चिरू म्हणजे तुमची धाकटी बहीण ना? केवढा अभिमानाचा विषय. फक्त घरच्या माणसाचा सहीचा शिक्का हवाय, मजकूर खरा आहे म्हणून. महिनाअखेरपर्यंत." मी म्हटलं, "वाचून देते." ते म्हणाले, "वाचायचं काय त्यात, तुम्ही तर तिथेच होतात."

मी तिथेच होते. मार्च महिना होता, उत्तरेचा वारा सुटला होता. कुंपणाचे खांब घेऊन सैनिक आले होते आणि आम्ही आमच्याच शेताच्या बांधावर सकाळपासून बसलो होतो. मी मागे, एका दगडावर. दुपारी आंमा, म्हणजे माझी आई, बसलेल्यांसाठी रताळ्याचं गरम कालवण घेऊन आली. आमच्या बायका सगळं डोक्यावर वाहतात. पातेलं मोठं होतं. लढाईत पडलेल्या विमानांच्या पत्र्यातून तेव्हा भांडी करत, त्यातलं. आईचं नाव नाबे, आणि नाबे म्हणजेच पातेलं, त्यामुळे ती दिसली की कुणीतरी म्हणायचंच, "आलं गं पातेलं पातेल्याखालून." त्या दिवशीही उशी काकू तसं म्हणाली आणि लोक हसले. आंमाच्या पाठीवर चिरू बांधलेली होती, नऊ महिन्यांची. बापाला समुद्राने नेलं तेव्हा ती पोटात होती. आंमा एरवी हात न लावता चालायची, पण वारा आडवा होता आणि बांध उंचसखल होता, म्हणून तिने एक हात वर करून पातेल्याची कड धरली होती. समोर दोन-तीन पावलांवर एक तरुण सैनिक उभा होता. मी ते सगळं पाहिलं. हात कानाच्या वर होता. तो पातेलं धरणारा हात होता, मारणारा नव्हता, हेही मला दिसलं. आणि मला असंही वाटलं, हे मी आज तुम्हाला सांगते, की बाकीच्यांना ओरडायचं आणि आईला सोडायचं, असं कसं चालेल? लोक काय म्हणतील? हिची नजर स्वच्छ आहे. मी ओरडले, "कान!"

आंमाने हात खाली घेतला. लगेच, कारण न विचारता, नियमात होतं तसा. पातेलं मागे कलंडलं.

त्या तरुण सैनिकाने सगळ्यात आधी धाव घेतली. कमरेची पाण्याची बाटली काढून त्याने चिरूच्या पाठीवर ओतली, रडवेल्या आवाजात काहीतरी ओरडत राहिला, गाडी घेऊन आला, दोघींना त्यांच्याच दवाखान्यात नेलं. आंमाची मान आणि खांदा भाजला होता. चिरू सहाव्या दिवशी गेली. सातव्या दिवशी नाहाहून वर्तमानपत्राचा माणूस बोटीने आला. तानमेंच्या अंगणात आम्ही सगळे बसलो होतो. त्याने वही उघडली आणि विचारलं, "धक्का कुणी दिला?" विचारतानाच त्याने उत्तर निम्मं सांगून टाकलं होतं. तानमेंनी माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहत होते ते आठवत नाही. अंगणातल्या कोंबड्यांची टोच टोच तेवढी आठवते. मग ते त्यांच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "सैनिकाचा धक्का लागला." खोटं न बोलण्याचा नियम ज्यांनी केला त्यांच्या तोंडून. आठवड्याभरात त्या सैनिकाला बेटावरून हलवलं. जमीन गेली ती गेलीच. चिरूच्या नावाचा दगड मात्र उभा राहिला.

आता पुस्तकात छापलं होतं की सैनिकाने जोरात ढकललं, पण नाबे आंमाने हात उगारला नाही, तिने उलट हात खाली घेतला. खाली तीन प्रश्न होते. पहिला प्रश्न होता: या प्रसंगातून आपण कोणतं मूल्य शिकतो?

शनिवारी मी बोटीने बेटावर गेले. तामायोसे तानमे आता एकोणऐंशीचे होते, ओसरीवर बसून शेंगा सोलत होते. मी कच्ची पानं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावला नाही. "वाचलंय," म्हणाले.

"तानमे, हे खोटं आहे."

"हो."

"तुम्ही माझ्यासाठी खोटं बोललात, की जमिनीसाठी?"

ते शेंगा सोलत राहिले. "तेवीस वर्षं रोज सकाळी तेच विचारतो मी. काही सकाळी वाटतं, पोरीसाठी बोललो. सोळा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात हे बांधून ती जगणार कशी. त्या सकाळी मला चहा गोड लागतो." पुढची शेंग उचलत म्हणाले, "पण त्या माणसाने वही उघडली तेव्हा मला आनंद झाला होता, मित्सुए. वाटलं, आता तरी टोक्योला ऐकू जाईल. मेलेल्या तान्ह्या पोरीचा उपयोग सुचला मला. हात कानाच्या खालीच होता माझा."

मी म्हटलं, "मग मी हे खोडते. खरं लिहून देते."

"खोड. मी आडवा येणार नाही, वाटल्यास माझा शिक्का घेऊन जा. पण आधी नाबेला विचार. मी तिला तेव्हा विचारलं नव्हतं. ती चूक तू तरी करू नकोस."

त्यांच्या घरापासून आमच्या घरापर्यंत चारशे पावलं. मी ती इतकी हळू चालले की शेजारणीने विचारलं, पायाला लागलंय का. मला या एका उत्तरासाठी तेवीस वर्षं लागली होती असं नव्हे. तेवीस वर्षं मी हा प्रश्न विचारावा लागू नये म्हणून नाहात राहिले होते. दर सुट्टीत येत होते, काळी साखर आणि औषधं आणत होते, आंमाच्या खांद्याला तेल चोळत होते. त्या सुरकुतलेल्या, चकाकत्या कातडीवरून बोटं फिरवताना आम्ही उसाच्या भावाबद्दल बोलत असू. मला वाटायचं, तिने वाऱ्यात माझा आवाज ओळखला नसेल. इतके लोक होते, यंत्रांचा आवाज होता. त्या एका शक्यतेवर मी शिकले, नोकरी केली, हजारभर मुलांना खरं बोलावं असं शिकवलं.

आंमा मागच्या दारी हळद धूत होती. मी तिला पान वाचून दाखवलं. ती ऐकत होती की नाही कळेना. मग ती म्हणाली, "चांगलं लिहिलंय. मी इतकी मोठी बाई आहे होय? मला कुणी बोललंच नाही."

"आंमा, त्या दिवशी 'कान' म्हणून ओरडले ती मी होते."

"माहीत आहे की."

"कधीपासून?"

"कधीपासून म्हणजे? तुझा आवाज ओळखायला मला काय पंचांग लागतं?"

मी विचारलं, "मग हात का काढलास? पातेलं पडेल हे कळत होतं तुला. मागे चिरू आहे हे कळत होतं."

तिने हळदीचा एक गड्डा पाण्यातून काढला, नखाने माती खरवडली. "एवढा विचार कुठला गं. तू सगळ्या गावासमोर ओरडलीस. मी तो हात तसाच ठेवला असता तर तुझं तोंड पडलं असतं. पोरीचा शब्द खाली पडू नये, एवढंच आलं मनात. पातेलं मी मानेवर सावरेन असं वाटलं. नाही सावरलं."

तानमेंचे नियम तिच्या मनातही नव्हते. गावाने तिच्या नावावर जे एवढं मोठं काही उभं केलं होतं, त्यात ती कधी गेलीच नव्हती. तिने माझी लाज राखायला हात खाली घेतला होता, आणि मी माझी लाज राखायला ओरडले होते. त्या दोन लाजांच्या मध्ये चिरू होती. मी म्हणाले, "मी हे खोडणार आहे. खरं सांगणार आहे. तो सैनिक निर्दोष होता, आंमा. त्याने पाणी ओतलं होतं."

तेव्हा ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट वळली. "आणि चिरू कशाने गेली म्हणून सांगशील? आईच्या डोक्यावरचं कालवण सांडून? घरोघरी मुलं अशी मरतात, त्यांचे दगड कुणी उभारत नाही. नऊ महिने मिळाले त्या पोरीला. ना चालली, ना बोलली. एक मरण तेवढं तिचं मोठं झालंय, तेही काढून घेशील? तुला बरं वाटावं म्हणून?"

"पण खोटं आहे ते."

"असेल. तू शिकलेली आहेस. माझ्याकडे दुसरं काही नाही तिचं."

मग ती पुन्हा हळद धुऊ लागली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "जेवून जाणार ना? ताजं काही नाही, अंडी आहेत."

परतीच्या बोटीत मी वर बसले. मला आयुष्यात पहिल्यांदाच मारावंसं वाटत होतं, पण कुणाला ते कळेना. मी खरं सांगितलं तर आंमाची मुलगी दुसऱ्यांदा मरणार होती, आणि यावेळीही माझ्याच तोंडच्या शब्दाने. नाही सांगितलं तर कुठेतरी एक माणूस लहान मुलाचा मारेकरी म्हणून जगत राहणार होता. हात कानाच्या खाली ठेवून माणसाला माणसाचं किती वाईट करता येतं, याचा नियम तानमेंनी केला नव्हता; तसा नियम करता येत असेल असं मला आता वाटत नाही. बोटीत शेजारी एक बाई पोराला रागावत होती. तिने हात उगारला, आणि पोर खिदळून तिच्या कुशीत शिरलं. मी पाहत राहिले. मला त्या हाताचा हेवा वाटला.

महिनाअखेरीला मी मियाहिरांच्या टेबलावर पान ठेवलं आणि खाली माझा शिक्का उमटवला. शाई जरा जास्त लागली. ते म्हणाले, "वा. आता पहिला पाठ तुमच्याच वर्गात." सप्टेंबरात मी तो पाठ वाचला. तिन्ही प्रश्नांची उत्तरं मुलांनी बरोबर दिली. शौर्य, संयम, क्षमा. मग मायुमीने बोट वर केलं आणि विचारलं, "बाई, पण तुमच्या आईने आधी पातेलं खाली का नाही ठेवलं?" मुलं तिच्यावर हसली. मी म्हणाले, "वेळ नव्हता." ती म्हणाली, "एवढासाच तर लागला असता."

तामायोसे तानमे १९८३ साली गेले. शेवटच्या वर्षी त्यांना माणसं ओळखू येत नव्हती. कुणीही आलं की ते जमिनीवर बसत आणि समोरच्यालाही हाताला धरून बसवत. अंत्ययात्रेला नाहाहून तीन बोटी भरून लोक आले. मियाहिरा निवृत्त होऊन नातवंडांत रमले आणि झोपेतच गेले. मायुमीने शिक्षण सोडून बसची वाहक म्हणून नोकरी धरली, मग ओसाकाला गेली. ती नवीन वर्षाला पत्र पाठवते, त्यात कधी नीतीबद्दल काही नसतं. ते पुस्तक अकरा वर्षं चाललं. आमची जमीन अजून कुंपणाच्या आत आहे. आंमा १९९१ साली गेली, अठ्ठ्याहत्तरची होऊन. तिला मी चिरूच्या दगडाजवळ ठेवलं. मरायच्या आदल्या आठवड्यात ती मला म्हणाली होती, "तू ऐकलंस माझं," आणि मला ते आभार वाटले नाहीत.

आणि तो सैनिक. १९९८च्या डिसेंबरात पंचायतीतली एक मुलगी मला घ्यायला आली. कुणी पाहुणा दगड बघायला आलाय, म्हणाली, घरचं कुणी असावं असं त्याचं म्हणणं आहे. पाठीत वाकलेला, पांढऱ्या भुवयांचा म्हातारा, सोबत त्याची लेक. एल्डन असं काहीसं नाव. तिकडच्या एका वर्तमानपत्रात आमची गोष्ट छापून आली होती आणि जुन्या सोबत्याने ती कापून त्याला पाठवली होती. पंचायतीतली मुलगी त्याचं बोलणं आमच्या भाषेत सांगत होती. "हे म्हणतात, इतकी वर्षं मला वाटत होतं मी दोन पावलं लांब होतो. मी कुणाला हात लावल्याचं मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. पण तुम्ही सगळे तिथे होतात, तुम्ही सगळे तेच सांगता. तेव्हा मी ढकललंच असणार. माणूस आपलं वाईट विसरतो." आंमा नव्हती, तानमे नव्हते. सांगायला मला कुणाची परवानगी घ्यायची राहिली नव्हती. तो गुडघ्यांवर बसला, लेकीने सावरायला हात दिला तो त्याने नको म्हटला, आणि दगडाकडे नाही, माझ्याकडे बघून त्याने काहीतरी विचारलं. पंचायतीतल्या मुलीने त्याचा अर्थ सांगायची गरज नव्हती. सगळे माझ्याकडे पाहत होते.

मी त्याला क्षमा केली.